तो कौल, ते कौल

पंचवटीतल्या आमच्या घराची मोरी बघायला लोक यायचे, खोटं नाही सांगत. घर भाड्याचं, दोन खोल्यांचं. खाली काळपट शहाबादी फरशी, तीही चुलीपाशी खचलेली, पण मोरी मात्र एखाद्या नवरीच्या चोळीसारखी. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, फरशी बसवणारे मिस्त्री होते. तेव्हा नाशकात जिकडे बघावं तिकडे बंगले आणि अपार्टमेंटं उठत होती आणि नानांना उसंत नव्हती. काम संपलं की मालक म्हणायचा, "मिस्त्री, हे उरलेले चार तुकडे घेऊन जा." नाना ते पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचे आणि रविवारी मोरीत बसवायचे. निळ्या लाटांचा तुकडा कॉलेज रोडच्या डॉक्टरांकडचा, गुलाबी फुलांचा सिडकोतल्या एका मास्तरांकडचा, चॉकलेटी ठिपक्यांचा गंगापूर रोडच्या कुणा वकिलाचा. तांब्याभर पाणी अंगावर घेता घेता मी अख्खं नाशिक फिरून यायचे. आई म्हणायची, "लोकांच्या घरी राजवाडे करतो हा माणूस, आणि बायकोला आणून बसवलंय मोरीत!"

त्या एका वस्तूला नावं तरी किती. आपण नाशिककर फरशी म्हणतो. मुंबईहून येऊन इकडे बंगले बांधणारे लादी म्हणायचे आणि पुढं पुढं सगळेच टाइल्स म्हणायला लागले. एक असली तरी टाइल्सच. नाना चिडायचे. "म्हणे एक टाइल्स फुटली! उद्या म्हणतील एक माणसं आलं!" त्यांचं सगळं लक्ष कानात असायचं. फरशी बसवल्यावर दुसऱ्या दिवशी लाकडी दांडा घेऊन ते एकेक फरशी वाजवत जायचे. खाली सिमेंटचा माल नीट भरलेला असला तर आवाज बसका यायचा, पोकळी राहिली असली तर ठणठणीत. "पोकळ असते ती बोलते, भरलेली गप्प बसते," असं ते सांगायचे, आणि बोलणारी फरशी उखडून पुन्हा बसवायचे, मालकानं म्हटलं नाही तरी. घरातही ती खोड सुटायची नाही. मी प्रगतिपुस्तक पुढं केलं की त्याच्यावरही बोटानं टकटक करून बघायचे. गणिताच्या मार्कांपाशी हमखास जास्त वेळ टकटक चालायची.

नाना घराच्या पायाशी काम करायचे आणि त्यांचे वडील घराच्या डोक्यावर. आजोबांना आम्ही बाबा म्हणायचो. ते हरसूलच्या अलीकडे एका पाड्यावर राहायचे. थोडा भात, थोडी नागली म्हणजे नाचणी, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस गावोगावची कौलं चाळायचं काम. चाळायचं म्हणजे छपरावरची सगळी कौलं उतरवायची, पालापाचोळा झटकायचा, फुटकी बाजूला काढायची आणि राहिलेली पुन्हा एकावर एक चढवत आणायची. बाबा ज्या घरावर चढले तिथं पावसाळ्यात पातेलं मांडावं लागत नाही, अशी त्यांची ख्याती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा त्या छपराखाली मला गाढ झोप लागायची. दुपारच्या उन्हात तापलेली कौलं संध्याकाळी निवायला लागली की कट्‌ कट्‌ असा बारीक आवाज करायची. आजी नागलीची भाकरी थापायची, वर खुरासणीची चटणी. आज माझ्या घरात पाव इंचाचीही फट नसलेली गुळगुळीत चकचकीत फरशी आहे, पण तसा आवाज काही तिच्यातून येत नाही.

आई मात्र कौलांच्या मुलखातली नव्हे. तिचं माहेर देवळा तालुक्यातलं. तिकडे तेव्हा धाब्याची घरं, वर सपाट मातीचं छप्पर, त्यावर मिरच्या वाळत घालायच्या आणि झोपायलाही वरच जायचं. कौल ही गोष्ट तिनं लग्नानंतर जवळून पाहिली. त्यात आमच्या पाड्याची रीत अशी की कुठलंही मोठं काम काढायचं तर गावदेवीला कौल लावायचा. गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओली पाकळी चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, विहीर, म्हैस, काहीही असो. आईच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी बाबांनी कुठल्याशा कामासाठी कौल लावायला आजीबरोबर तिला देवळात पाठवलं. परत आल्यावर बाबांनी विचारलं, काय झालं? नवी नवरी, डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "देवीचं कौल पडलं." झालं! बाबा ताडकन उठले, खांद्यावर शिडी टाकली आणि देवळाकडे निघाले. अर्धी वाट गेल्यावर आजीनं धावत जाऊन गाठलं. "अहो, छपराचं नाय पडलं! देवीचा पडला, उजवा पडला!" सगळा पाडा आठवडाभर हसत होता.

त्या दिवशी बाबांनी सुनेला समोर बसवून शिकवलं. "देवीचा तो कौल. घरावरचं ते कौल. तो मिळाला, ते मिळालं. घोळ घालायचा नाय, मला म्हाताऱ्याला शिडी घेऊन पळाया लागतं." कामाच्या बोलण्यात बाबा आणि नाना कौलांचा ढीग असला तरी एकच असल्यासारखं बोलायचे, जसं सिमेंट आलं, लाकूड आलं, तसं कौल आलं. त्यामुळं फरक काय तो त्या शेवटच्या एका अक्षराचा. पुढं वर्षानुवर्षं आईला बघितलं की पाड्यावरचं कुणी ना कुणी विचारायचंच, "काय सूनबाई, आज काय पडलं?" आणि बाबा तर रेडिओलाही सोडायचे नाहीत. निवडणुकीच्या बातम्यांत "जनतेनं कौल दिला" असं आलं की हात जोडून म्हणायचे, "कुनाला दिलं बाबा? आमच्या इकडं तर एक बी आलं नाय." आईसकट सगळे हसायचे. पण आई त्यानंतर एकदाही चुकली नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवतेय, कारण पुढचं सगळं या एका अक्षरावर उभं आहे आणि मला हे लिहायला घ्यायला इतकी वर्षं लागली त्याचंही कारण तेच आहे.

मी नववीत होते तेव्हा आईचं दुखणं सुरू झालं. सुरू झालं म्हणजे आम्हाला दिसायला लागलं. ती स्वतः कधीपासून सोसत होती, देव जाणे. महिन्याचे चार दिवस दहा झाले, मग पंधरा. तिचे ओठ पांढरे पडले. भाकरी थापता थापता ती मध्येच काठवटीवर दोन्ही हात टेकून बसायची आणि मी बघतेय असं दिसलं की म्हणायची, "काही नाही गं, पीठ सैल झालंय." एकदा शाळेतून आले तर मोरीत पाण्याची धार चालू आणि ती त्या रंगीबेरंगी तुकड्यांवर पाय पोटाशी घेऊन बसलेली. त्या निळ्या लाटांच्या फरशीवरून लाल पाणी जात होतं. मी धुणं धुवायला घेतलं, तिनं ते माझ्या हातून ओढून घेतलं, मी परत ओढलं. आम्ही दोघी त्या ओल्या चिंध्यांवरून भांडलो. शेवटी तिच्या हातात ओढायचीही ताकद राहिली नाही आणि मी घाबरले.

नाना तिला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. मीही बरोबर होते. बाईंनी तपासलं आणि सरळ सांगितलं की पिशवीला गाठ आहे, पिशवी काढावी लागेल. अंगात रक्त उरलेलं नाही, पंधरा दिवसांच्या आत निर्णय करा. नाना मान हलवत राहिले. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "मामंजींना विचारल्याशिवाय मी सुरीखाली जायची नाही." नाना म्हणाले, विचारू की. बाबांनी निरोप पाठवला की देवीला कौल लावतो, मग बघू. आता तुम्ही म्हणाल, कसली ही माणसं. मीही म्हणाले असते. पण आमच्या गल्लीतली एक बाई वर्षभरापूर्वी अशाच ऑपरेशनला गेली होती आणि घरी परत आली नव्हती, आणि आई तिच्या मुलाला रोज दुपारी जेवायला घालत होती. तिला मरणाची भीती होती. न कापताही आणि कापूनही. अशा वेळी माणूस कुणाच्या तरी तोंडाकडे बघतं. ती देवीच्या तोंडाकडे बघत होती.

नेमके त्याच आठवड्यात पाड्यावरच्या घरासाठी नानांनी पाठवलेलं मंगलोरी कौल पोहोचायचं होतं. म्हणजे बाबांकडून दोन निरोप यायचे होते, एक छपराचा आणि एक देवीचा. आमच्याकडे फोन नव्हता. गल्लीच्या टोकाला लीलाकाकूंचं किराणा दुकान होतं, त्यांच्याकडे होता. हरसूलच्या बाजाराच्या दिवशी बाबा तिथल्या बूथवरून फोन करणार असं ठरलं होतं. नाना कामावर गेलेले, आईला गल्लीच्या टोकापर्यंत चालवत नव्हतं, म्हणून मी शाळा बुडवून दुपारपासून काकूंच्या पोत्यांमध्ये बसून राहिले. शेंगदाण्याचा आणि घासलेटचा वास नाकात बसला होता. काकू सारख्या म्हणत होत्या, "शैले, गूळ खा थोडा, तोंड बघ कसं झालंय." मी खाल्ला नाही. फोन वाजला तेव्हा काकूंच्या आधी मीच उचलला.

बाबा फोनवर ओरडून बोलायचे. एवढ्या लांब आवाज पोचायचा म्हणजे ओरडायला हवंच, असा त्यांचा समज. "शैले, कौल आलं गं! गाडी आली काल. दोन-चार फुटलंय, बाकी लय चांगलं हाय. नानाला सांग."

"आणि बाबा, दुसरा?"

पलीकडे बाजाराचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी कोंबड्यांचा भाव करत होतं.

"दुसरा नाय मिळाला," बाबा म्हणाले. आवाज खाली आला होता. "तीनदा लावला. तिन्ही येळेला डावा. देवी नाय म्हनती पोरी. आईला सांग, कापाकापी नाय करायची. आखाडात पुन्हा लावू."

आखाड म्हणजे अजून दीड महिना. फोन ठेवला. काकूंनी विचारलं, काय म्हणाले आजोबा? मी म्हणाले, बरं आहे सगळं. दुकानापासून आमच्या घरापर्यंत किती, दोनशे पावलं असतील. मी ती चालले तेव्हा माझ्या मनात काही योजना वगैरे नव्हती. मला देवीचा राग आला होता, एवढंच आठवतं. भयंकर राग. तिनं काय बघितलं होतं आईचं? तिनं धुतल्या होत्या का त्या चिंध्या?

आई उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. कोवळी पानं एकीकडे, काड्या एकीकडे. मान वर न करताच तिनं विचारलं, "काय म्हणाले मामंजी?"

माझं तोंड उघडलं. खोटं बोलायचं मी ठरवलं होतं, पण देवीचं नाव घेऊन खोटं बोलायला जीभ वळेना. कितीही रागावले तरी त्या पाड्याचीच पोर मी. मग माझ्या तोंडून निघालं ते असं.

"कौल मिळालं."

आईचा हात थांबला. "काय?"

"कौल मिळालं म्हणाले बाबा."

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी बघितलं मेथीकडे. तिनं हातातली काडी खाली टाकली. मग म्हणाली, "बरं," आणि उरलेली जुडी निवडायला घेतली. मला वाटलं, सुटले. तिला फरक ऐकू आला नाही. दुखण्यानं कान जड झाले असतील. आणि मी खोटंही बोलले नव्हते, कौल मिळालंच होतं की, गाडी भरून! नववीतल्या मुलीची अक्कल ती. मला वाटलं, मी देवीलाही फसवलं नाही आणि आईलाही वाचवलं.

संध्याकाळी नाना आले. हातपाय धुऊन बसले. आईनं चहा पुढं केला आणि शांतपणे सांगितलं, "देवीचा कौल मिळाला. उद्या त्या बाईंकडे जाऊन तारीख घ्या." मी तिथंच होते, दप्तर आवरण्याचं सोंग करत. मिळाला म्हणाली ती, अगदी स्वच्छ. माझ्या तोंडच्या 'मिळालं'चं तिच्या तोंडात 'मिळाला' झालं होतं आणि आता ते परत घेता येत नव्हतं. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "बाबा स्वतः म्हणाले ना गं, शैलू?" मी मान हलवली. नानांचे कान इतके तिखट, दोन बोटांएवढी पोकळी फरशीखाली असली तर त्यांना ऐकू यायची. पण मान हलवण्याला आवाज नसतो.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात. आणि चौथ्या दिवशी आईला ताप भरला. टाके आतून पिकले होते. पुन्हा थोडं उघडून स्वच्छ करावं लागलं. ताप उतरायचा, चढायचा. ती कधी माहेरच्या बोलीत बरळायची, "माय, पाणी दे वं," आणि पाणी दिलं की तोंड फिरवायची. मी ओळखलं, देवी वसूल करतेय. मी साखर सोडली. मंगळवार धरले. दवाखान्याच्या जिन्यात बसून देवीला म्हणाले, माझं काय ते घे, हात घे, पाय घे, गणित तसंही येत नाही, ते शिक्षण घे. आज हसू येतं. तेव्हा नव्हतं येत. त्या जिन्याच्या पायऱ्यांची फरशी हिरव्या-पांढऱ्या चौकटींची होती आणि तिसऱ्या पायरीवरची पोकळ होती, पाय पडला की बोलायची. प्रत्येक चढणाऱ्या माणसाबरोबर मला ती ऐकू यायची आणि मला वाटायचं, ती मलाच बोलतेय.

आठव्या-नवव्या दिवशी बाबा आले. न कळवता, हातात नागलीच्या पिठाची पिशवी. त्यांना पाड्यावर कुणाकडून तरी कळलं होतं. दारात उभं राहून त्यांनी सुनेकडे बघितलं, तिच्या हातातल्या सुईकडे, वरच्या बाटलीकडे. मग नानांना म्हणाले, "का केलं? मी नको म्हनून सांगितलं होतं."

नाना गोंधळले. "तुम्हीच सांगितलंत ना, कौल मिळाला म्हणून."

"मी? तीनदा डावा आला! फोनवर सांगितलं मी. कुनाला सांगितलं?" आणि त्यांची नजर माझ्याकडे वळली. त्या माणसाला मी कधी घाबरले नव्हते. मला खांद्यावर घेऊन छपरावर बसवणारा माणूस तो. पण त्या वेळी मी दोन पावलं मागं सरकले. नाना हळूच म्हणाले, "शैलू?"

खाटेवरून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. "तिला काही बोलू नका, मामंजी. चूक माझी."

सगळे वळले. आई उशीवर मान टेकवून होती, डोळे अर्धे मिटलेले. "ती म्हणाली, कौल मिळालं. तुमचं घरावरचं. मी ऐकलं, मिळाला. माझी जुनीच चूक. लग्नापासूनची."

बाबा पिशवी खाली ठेवून खाटेच्या पायाशी बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला आधी वाटलं रडतायत. हसत होते. मग खरंच रडायला लागले. "आगं येडे," ते म्हणाले, "वीस वरसं झाली, अजून नाय सुटली तुजी ती सवय?" नानाही हसले, डोळे पुसत. मी तेवढी हसले नाही. माझ्यापायी आई पुन्हा एकदा सगळ्या पाड्याच्या हसण्याचा विषय होणार होती आणि तिला माहीतही नव्हतं की मी तिला फसवलंय. मी खोलीबाहेर गेले आणि त्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिले.

आई बरी झाली. सव्वा महिना लागला, पण उठली. गालांवर रंग आला, भाकरी पूर्वीसारखी टम्म फुगायला लागली. बाबांनी देवीची क्षमा मागून ओटी भरली आणि विषय मिटवला. माझा मात्र मिटला नाही. मी आईशी तुसडेपणानं वागायला लागले. ती जवळ आली की मला ते आठवायचं, म्हणून मी तिला जवळच येऊ द्यायचे नाही. ती केसांना तेल लावायला बसली की मी उठून जायचे. पाड्यावर जाणं टाळायचे. गेले तरी देवळात शिरायचे नाही. शाळेत बाईंनी 'कौल' शब्दाचं लिंग विचारलं तेव्हा माहीत असून उभीच राहिले नाही. कॉलेज झालं, नोकरी लागली, लग्न ठरलं. दरवेळी वाटायचं, आता सांगू. दरवेळी तिच्या तोंडाकडे बघून राहून जायचं. दहा-अकरा वर्षं! लोक म्हणायचे, शैला आईपेक्षा वडिलांची जास्त. आई ते ऐकून गप्प बसायची.

बाबा गेल्यावर पाड्यावरच्या घराला स्लॅब टाकायचं नानांनी ठरवलं. तोपर्यंत सगळ्या पाड्यात स्लॅब किंवा पत्रे झाले होते आणि कौलं चाळणारं माणूस उरलं नव्हतं. मी लग्नाआधीची शेवटची सुट्टी म्हणून गेले. वर माणसं कौल उतरवत होती, एकाकडून दुसऱ्याकडे, आणि खाली अंगणात मी आणि आई ते रचत होतो. तेच मंगलोरी कौल. त्या वर्षी गाडीनं आलेलं. माझ्या हाताला लाल भुकटी लागत होती. मी एक कौल हातात धरून उभी राहिले आणि मला ते खाली ठेवता येईना.

"आई," मी म्हणाले, "तुझ्या ऑपरेशनच्या वेळी मी तुला फसवलं. बाबांनी देवीचा नकार सांगितला होता. मला सगळं नीट ऐकू आलं होतं. मी मुद्दाम तसं बोलले."

आईनं माझ्या हातातलं कौल काढून घेतलं, त्यावरची माती पदरानं पुसली. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तू मिळालं म्हणालीस. मिळाला नाही म्हणालीस. या एका शब्दापायी मी सगळ्या पाड्याला हसायला दिलंय, आणि मला तो ऐकू येणार नाही? तू म्हणालीस आणि तिथंच मला कळलं, देवी नाही म्हणाली. तुझं तोंडही सांगत होतं."

माझं डोकंच सणकलं. "मग गेलीस कशाला? आणि मला बोलली का नाहीस? दहा वर्षं मी..." रडू आणि राग एकदमच वर आला. "काय बाई आहेस तू!"

"मला वाटलं, मला कळलं होतं हे तुलाही माहीत आहे. तू काय म्हणालीस ते दवाखान्यात मी अक्षर न् अक्षर सांगितलं, मग तू का लांब लांब राहायला लागलीस ते मला कळेना. वाटलं, आई आजोबांशी खोटं बोलली म्हणून पोरीच्या मनातून मी उतरले."

वरून हाक आली, "घ्या खाली!" आणि आम्ही दोघींनी यंत्रासारखे हात वर केले. दोन कौलं घेतली, रचली. मग आई अंगणात तशीच उकिडवी बसली.

"मला जगायचं होतं गं," ती म्हणाली. "पण सासऱ्यानं लावलेला कौल मोडून मी कशी जाणार होते? ते मला जमणारं नव्हतं. तू दारात येऊन ते एक अक्षर बोललीस आणि मला वाट दिसली. खोटं बोलायचं तर पोर सरळ मिळाला म्हणाली असती. तुला देवीचं नाव घेऊन खोटं बोलवलं नाही, आणि मी मरावं असंही तुला वाटत नव्हतं. उंबऱ्यात बसून मी एवढंच बघितलं. आणि तू कुठं खोटं बोललीस? कौल मिळालंच होतं. हे काय समोर रचलंय. तुझ्या नानांना मिळाला असं कोण म्हणालं? मी. खोटं मी बोलले, शैले. तू नाही."

मी तिच्या शेजारी मातीत बसले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, लाल भुकटीचा, आणि केसांतून बोटं फिरवत म्हणाली, "किती कोरडे झालेत. तेल लावत नाहीस ना?"

"लाव तू," मी म्हणाले.

"संध्याकाळी लावते. आता ऊठ, माणसं खोळंबलीत वर." तिनं पुढचं कौल माझ्याकडे केलं. "हे धर. फुटलेलं नाही, चांगलं आहे."